‘फोटो आहे का?’ हा पहिला प्रश्न नव्हे

पक्षिनिरीक्षकांच्या कोणत्याही बैठकीत एखाद्याने भीतभीत सांगून पाहावं, ‘परवा गावाकडे माळावर एक वेगळाच पक्षी दिसला हो.’ समोरून येणारा प्रश्न ठरलेला असतो: ‘फोटो आहे का?’ नाही म्हटलं की विषय संपला. केवढा होता, कसा चालत होता, कुठे बसला होता, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. काहींनी तर याचं सूत्रच करून टाकलंय: फोटो नाही तर नोंद नाही. एका निसर्गमंडळाच्या व्याख्यानात हे सूत्र मी टाळ्यांच्या गजरात ऐकलं. वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. डोळा फसतो, आठवण त्याहून फसते, आणि हौसेपोटी लोक काहीही दुर्मीळ पाहिल्याचं सांगतात. आता ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा आहे, फोनमध्ये पक्षी ओळखणारं अ‍ॅप आहे. तेव्हा वह्या, वर्णनं, वेडीवाकडी रेखाटनं हा जुना पसारा आवरा. फोटो काढा, नाव मिळवा, पुढे चला.

डोळा फसतो हे मला मान्य आहे. आठवण फसते हेही मान्य. पण म्हणून वर्णनाला हद्दपार करायचं आणि फोटोला न्यायाधीश करायचं, हे मला मान्य नाही. या सूत्रामुळे आपण पक्षी ओळखण्याचं मूळ काम विसरत चाललो आहोत. एवढंच नव्हे, ज्यांच्याकडून सर्वांत जास्त माहिती मिळू शकते त्यांनाच आपण दारातून परत पाठवतो आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे ही मागणी काही नव्या युगाची नाही. एकोणिसाव्या शतकात फोटोच्या जागी पक्ष्याचं कलेवर मागत. मारलेला, कातडी सोलून, कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधलेला पक्षी समोर ठेवला तरच तो ‘दिसला’. बाकी सगळं ऐकीव. शाळेच्या पुस्तकात काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात भेटणारे ए. ओ. ह्यूम हे त्या काळचे हिंदुस्थानातले सर्वांत मोठे पक्षिसंग्राहक. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात सुमारे ८२,००० नमुने होते. सालिम अलींची सुरुवातही याच रिवाजात झाली. मुंबईत लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ही कोणती हे विचारायला ते ती मेलेली चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेले. बंदूक जाऊन कॅमेरा आला हे चांगलंच झालं. मागणीमागचा विचार मात्र तोच राहिला: वस्तू दाखवा, माणसाच्या शब्दावर विश्वास नाही.

मग त्या वस्तूने कधी दगा दिला नाही का? दिला, आणि तोही आपल्या खानदेशातल्या एका पक्ष्याच्या बाबतीत. ही हकिगत फोटोवाद्यांनी नीट ऐकावी अशी आहे.

१८७२ मध्ये एफ. आर. ब्लुइट यांना आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात एक लहानसं घुबड मिळालं. पुढच्या वर्षी ह्यूम यांनी ते नवी जात म्हणून नोंदवलं आणि त्याला ब्लुइट यांचं नाव दिलं. हाच आपला रानपिंगळा. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या आसपास त्याचे काही नमुने जमवले. शेवटचा १८८४ चा. त्यानंतर हा पक्षी कुणाला दिसेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने, आणि त्यांत एक बराच नंतरचा: गुजरातेत, तापीकाठी मांडवी इथे, १९१४ मध्ये मिळवला अशी चिठ्ठी असलेला. संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन, ब्रिटिश सैन्यातले अधिकारी आणि नावाजलेले पक्षितज्ज्ञ. नमुना हातात, चिठ्ठीवर गाव, तारीख, सही. पुरावा म्हणून आणखी काय हवं?

तो पुरावा खोटा होता. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि ब्रिटनचे निजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सविस्तर मांडलं. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसन यांचाच एक नमुना संग्रहालयातून लंपास केला होता, त्यातलं भरण काढून तो नव्याने शिवला होता आणि स्वतःची चिठ्ठी बांधली होती. क्ष-किरणांखाली पाहिल्यावर डेव्हिडसन यांच्या हाताची मूळ धाटणी आतून दिसली. एकच नमुना नाही, कर्नलसाहेबांच्या संग्रहातल्या अशा कितीतरी चोऱ्या पुढे उघड झाल्या. पण त्या मांडवीच्या खोट्या पत्त्याचा परिणाम काय झाला पाहा. पक्षी शोधणाऱ्यांच्या ठिकाणांच्या यादीत तो जाऊन बसला. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या तोडीच्या माणसांनी शोध घेऊनही रानपिंगळा सापडला नाही. मधल्या काळात रानपिंगळ्याचा म्हणून एक फोटोही पुढे आला होता. तो नंतर आपल्या गावठाणातल्या साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचा ठरला. म्हणजे कातडीही होती आणि फोटोही होता. कातडीवरची चिठ्ठी खोटी, फोटोवरचं नाव खोटं.

मग पक्षी सापडला कसा? रासमुसेनबाईंनी मांडवी यादीतून खोडली. जे नमुने खरे होते ते समोर ठेवून साध्या पिंगळ्यात आणि रानपिंगळ्यात नेमका काय फरक, याची एकेक खूण मनात पक्की केली. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके दाट. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नाहीतच. छाती सलग तपकिरी, पोट स्वच्छ पांढरं, पायांवर पांढऱ्या पिसांचा दाट थर, शेपटीवर रुंद पट्टे. ही यादी डोक्यात घेऊन त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट १९९७ च्या नोव्हेंबरात आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी फिरले. तिथे काही हाती लागलं नाही, तेव्हा शहाद्याजवळ आले. सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडावर बसलेलं घुबड किंग यांना दिसलं, आणि खुणा एकेक करून जुळत गेल्या. ११३ वर्षांनी. चित्रीकरण झालं, फोटो निघाले, आणि त्यांचा उपयोग मोठाच झाला; ते मी नाकारत नाही. पण कॅमेरा उचलण्याआधी काय पाहायचं हे माहीत नसतं, तर ते चित्रीकरणही एका पिंगळ्याचं चित्रीकरण म्हणून पेटीत पडून राहिलं असतं. रानपिंगळा पुढे मेळघाटात, यावलमध्ये, २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यातही आढळला. तो तिथे २०१४ च्या आधी नव्हता असं कुणी म्हणणार नाही. त्याच्याकडे ‘हा पिंगळाच’ या नजरेपलीकडे जाऊन कुणी पाहिलं नव्हतं, इतकंच.

आता फोटोत काय येतं आणि काय येत नाही ते पाहू. फोटोत रंग येतो, पण उजेडाने बदललेला. उलट्या उन्हात टिपलेला तपकिरी पक्षी काळा येतो, सकाळच्या कोवळ्या उन्हात पांढरा पिवळसर. आकार तर येतच नाही. चौकटीत कापून मोठा केलेला पक्षी चिमणीएवढा की घारीएवढा हे शेजारी फांदी, पान, दुसरा पक्षी काही नसेल तर ओळखायचं कसं? आवाज येत नाही. चाल येत नाही. आणि गावाकडच्या कितीतरी पक्ष्यांची ओळख चालीत आणि सवयीतच असते.

माळावरचा धाविक घ्या. टिटवीपेक्षा लहान, डोक्याला विटकरी रंग, डोळ्यातून गेलेला काळा पट्टा आणि त्यावर पांढरा. फोटो असेल तर उत्तमच. पण नसताना कुणी सांगितलं, ‘टिटवीसारखा होता पण ओरडला नाही, तुरुतुरु पळायचा, गपकन थांबायचा, पुढे वाकून काहीतरी टिपायचा, परत पळायचा,’ तर रंगाचा एक शब्द न येताही निम्मी ओळख झाली. तीरचिमण्यांचं तर विचारूच नका. सगळ्या मातकट, सगळ्यांच्या छातीवर रेघा. त्यांचे शंभर फोटो समोर ठेवून जाणकार भांडत बसतात. रिचर्डची तीरचिमणी मात्र उंच गवतात उतरण्याआधी क्षणभर हवेत जागच्या जागी फडफडते आणि उडताना खरखरीत आवाज काढते. हे ज्याने पाहिलं-ऐकलं आणि लिहून ठेवलं, त्याची ओळ त्या शंभर फोटोंपेक्षा मला जास्त कामाची वाटते.

आणि पावशा? मृगाच्या आगेमागे त्याची ‘पेरते व्हा’ ही हाक महाराष्ट्रातल्या कुठल्या शेतकऱ्याने ऐकली नाही? पण हाक ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो पाहिलेला असतो, आणि ज्यांनी पाहिला त्यांतले बरेच जण शिक्रा पाहिला असं समजून पुढे गेलेले असतात. राखी पाठ, छातीपोटावर आडव्या रेघा, पट्ट्यापट्ट्यांची शेपूट, डोळ्याभोवती पिवळं कडं, चार वेळा पंख मारून मग तरंगत जाण्याची तीच ढब. सातभाईसुद्धा फसतात; त्यांच्याच घरट्यात अंडं घालणारा हा पक्षी त्यांना शिकारी वाटतो. मागून टिपलेल्या, उडत्या पावशाच्या फोटोवर शिक्रा म्हणून शिक्कामोर्तब झालेलं मी किती वेळा पाहिलंय. पण पाहणाऱ्याने ‘चोच बारीक, सरळ होती, आकड्यासारखी नव्हती, आणि बसल्यावर शेपूट हलवत होता’ एवढं सांगितलं असतं तर प्रश्नच मिटला असता. तेवढं विचारायला कुणी थांबलं नाही. फोटो होता ना!

फोटो असूनही नाव कसं चुकतं याचा सार्वजनिक नमुना दरसाल वर्तमानपत्रांत येतो. ‘अमुक गावात दुर्मीळ पक्षी आढळला, बघ्यांची गर्दी.’ खाली ठळक, स्वच्छ, रंगीत फोटो. फोटोत गव्हाणी घुबड. हृदयाच्या आकाराचा पांढरा चेहरा, काळे डोळे. गोदामात, जुन्या वाड्यात, देवळाच्या शिखरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारं, शेतातले उंदीर मारणारं. २०१७ मध्ये विशाखापट्टणमला एका बांधकामावर त्याच्या पिल्लांचं चित्रीकरण झालं आणि देशभर ती परग्रहवासी म्हणून फिरली. चित्रीकरणात कसलाही दोष नव्हता. प्रत्येक पीस दिसत होतं. पाहायचं कसं, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं.

आता विरोधकांच्या बाजूचं जे खरं आहे ते सांगून टाकतो, नाहीतर तेच पुढे करतील. हिवाळ्यात आपल्या गवताळ माळांवर येणारे भोवत्ये. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांचे नर वेगळे काढता येतात, पण माद्या आणि पिल्लं समोरून खाली तरंगत गेली तर भल्याभल्यांची भंबेरी उडते. तिथे पंखाखालच्या पट्ट्यांचा फोटो असेल तरच जात सांगावी, नसेल तर ‘भोवत्या’ म्हणून थांबावं. राज्यात पहिल्यांदाच दिसलेल्या पक्ष्याबाबत निव्वळ शब्दावर विसंबू नये, हेही रास्त. दुर्मीळ पक्षी पाहिल्याच्या थापा मारणारे आहेत. हौशी मंडळींची यादी वाढवण्याची घाई मी जवळून पाहिलेली आहे. डिजिटल कॅमेऱ्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी पक्ष्यांच्या जुन्या शंका फिटल्या, हे कृतज्ञतेने म्हणायला हवं.

पण थापा पकडायची पद्धत फोटोच्या आधीपासून आहे आणि ती फोटोपेक्षा जुन्या अक्कलहुशारीची आहे. सांगणाऱ्याला चित्रं दाखवण्याआधी बोलू द्यायचं. ‘चोच लाल होती का?’ असं विचारायचं नाही. त्यात उत्तर आपणच घालतो. ‘चोच कशी होती?’ असं विचारायचं. खरं पाहिलेला माणूस कितीतरी प्रश्नांना ‘लक्षात नाही’ म्हणतो. पाय गवतात होते, दिसले नाहीत. पाठ दिसली, छाती नाही. या तुटकपणावर विश्वास ठेवावा. उलट पुस्तकातला परिच्छेद जशाच्या तसा समोर आला, डोळ्याच्या बुबुळापासून नखाच्या रंगापर्यंत सगळं एका श्वासात आलं, की सावध व्हावं. तो माणूस पुस्तक पाहून आलेला असतो. किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, दुर्बीण होती की नाही, किती वेळ, याआधी त्याच्यासारखे दिसणारे पक्षी पाहिलेत का, एवढं विचारलं की साक्ष किती वजनाची हे कळतं. हे काम वेळखाऊ आहे. ‘फोटो आहे का?’ विचारून मोकळं होणं सोपं. त्या सूत्रामागे पुराव्याची चाड किती आणि आळस किती, हे ज्याचं त्याने तपासावं.

अ‍ॅपविषयी बोललं नाही तर लेख अर्धवट राहील. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन हे अ‍ॅप २०१४ पासून आहे, आवाजावरून ओळखण्याची सोय त्यात २०२१ मध्ये आली. ते उत्तम आहे, फुकट आहे, मीही वापरतो. परसातला दयाळ आणि बुलबुल ओळखायला शिकणाऱ्या मुलाच्या हातात ते द्यावंच. पण त्याचा आधार काय? त्याच संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेल्या ई-बर्डवरच्या, लोकांनीच केलेल्या नोंदी. कुठल्या भागात कुठल्या महिन्यात काय दिसण्याचा संभव आहे, हे अ‍ॅप त्या नोंदींवरून ठरवतं. पुण्या-मुंबईच्या टेकड्यांवर आणि पाणथळींवर रोज कुणी ना कुणी नोंद करत असतं. हिंगोलीच्या किंवा धुळ्याच्या आतल्या माळावर किती जण करतात? जिथे नोंदी विरळ, तिथे अ‍ॅपचा अंदाजही विरळ. आणि अनोळखी पक्षी भेटण्याची शक्यता जास्त ती नेमकी तिथेच. अ‍ॅप काय म्हणतं त्यावर नोंद करायची आणि त्या नोंदींवर अ‍ॅप शिकवायचं, हे चक्र कुठवर न्यायचं?

आवाजाचं आणखी एक. आपला कोतवाल शिक्र्याची हाक हुबेहूब काढतो. त्याने साळुंक्या दचकतात, आणि त्यांच्या तोंडचा किडा त्याला मिळतो. सह्याद्रीतला भृंगराज तर एका सकाळी पाच-सहा पक्षी ‘बोलून’ दाखवतो. फोन त्या आवाजाचा आलेख पाहतो आणि नाव सांगतो. झाडावर कोण बसलंय ते वर मान करूनच पाहावं लागतं. खरं सांगायचं तर अ‍ॅपबद्दल माझी मुख्य तक्रार चुकीच्या नावाची नाहीच. नाव इतक्या लवकर मिळतं की पाहणं तिथेच थांबतं, ही आहे. ई-बर्डवर ‘तीरचिमणी, जात नक्की नाही’ अशी नोंद करता येते; अशी नोंद करणारा माणूस मला चाळीस जातींची यादी फडकवणाऱ्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

फोटोच्या हट्टाची किंमत पक्षीही मोजतात. मे-जूनमध्ये नवरंग कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला येतो, विणीसाठी. त्याच्या हाकेची ध्वनिफीत लावून त्याला उघड्यावर आणायचं, घरट्यासमोर तोफखान्यासारखे कॅमेरे मांडायचे, आडवी फांदी मोडायची, हे प्रकार कुणाला नवे नाहीत. फोटो हीच पात्रता ठरवली की फोटो मिळेपर्यंत माणूस हटत नाही. ज्याने पाच मिनिटं दुरून पाहून चार ओळी लिहिल्या आणि पाय मागे घेतला, त्याची नोंद मात्र रद्द!

सर्वांत मोठं नुकसान आहे ते माणसांचं. माळावर, गायरानात, शिवारात वर्षभर कोण असतं? मेंढपाळ, गुराखी, निंदणीला आलेल्या बाया, पारधी, ऊसतोडीचे मजूर, शाळेत पायी जाणारी पोरं. त्यांच्याकडे दीड-दोन लाखांची लेन्स नाही. त्यांच्या फोनमधला पक्षी म्हणजे आभाळात एक ठिपका. पण कुठला पक्षी कधी येतो, कुठे अंडी घालतो, कसा ओरडतो, हे त्यांना ठाऊक असतं. जेरडॉनचा धाविक हा आंध्रातला पक्षी १९०० नंतर कुणाला दिसला नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या लोकांनी कडप्पा भागातल्या खेड्यांतून त्याची चित्रं दाखवत विचारपूस केली, आणि १९८६ च्या जानेवारीत तो पुन्हा हाती आला तो ऐतण्णा नावाच्या स्थानिक पक्षी धरणाऱ्यामुळे. तो म्हणाला, हा पक्षी मला माहीत आहे. शहाण्यांनी त्याला ‘फोटो आहे का?’ विचारलं असतं तर? शास्त्राच्या दृष्टीने संपलेला पक्षी त्याच्या रानात इतकी वर्षं होताच.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सालिम अलींचंच देतो. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला त्यांनी सुगरणींची वसाहत पाहिली. शिडीवर आडोसा करून तासन्‌तास बसले, कोण कुठल्या घरट्यात शिरतं ते वहीत लिहीत गेले, आणि सुगरण पक्ष्याचा नर एकामागून एक घरटी बांधतो, माद्या पसंत करतात, एकाच नराचे असे अनेक संसार असतात, हे तिथे पहिल्यांदा उलगडलं. सुगरण म्हणजे कोणता पक्षी हे कोकणातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. तरीही त्याची खरी ओळख त्या वहीतून झाली. एका सुंदर फोटोतून एक सुंदर सुगरण दिसली असती, संसार दिसला नसता.

यावर एक गट म्हणेल, एवढी यातायात कशाला, नावाची तरी काय गरज, पाहावं आणि आनंद घ्यावा. त्यांना माझं उत्तर अगदी छोटं आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं ते ‘एका मोठ्या सुंदर पक्ष्या’साठी झालं नाही, माळढोकासाठी झालं. नाव नसलेल्या पक्ष्याचा माळ वाचवायला कुणी न्यायालयात उभं राहत नाही.

मग अनोळखी पक्षी दिसल्यावर करायचं काय? पहिली दोन मिनिटं फोन खिशात. नजर पक्ष्यावर. सालिम अलींनी त्यांच्या १९४१ च्या पुस्तकात आकार ओळखीच्या पक्ष्यांच्या तुलनेत दिलेत आणि त्याहून सोयीचं काही मला अजून सापडलेलं नाही: चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा, घार. यांपैकी कुणापेक्षा मोठा, कुणापेक्षा लहान? मग चोच, कारण चोचीवरून तो काय खातो आणि म्हणून कुठल्या कुळातला, हे पुष्कळदा कळतं. शेपूट लांब की आखूड, हलवतो की नाही. जमिनीवर चालतो की उड्या मारतो. चंडोल चालतो, चिमणी टुणटुण उडते, एवढ्या एका खुणेने अर्धे पर्याय गळतात. पाय दिसले तर रंग. आवाज जसा ऐकू आला तसा, आपल्या अक्षरांत. ठिकाण, वेळ, झाड की गवत की पाणी, एकटा की थव्यात. जे दिसलं नाही ते ‘दिसलं नाही’ म्हणून लिहायचं. वहीत एक बेढब अंडाकृती काढून तिला चोच-शेपूट लावून बाण दाखवले तरी चालेल. चित्रकलेची परीक्षा नाही. हे झालं की फोटो काढा, खुशाल काढा. पुस्तक त्यानंतर उघडा. पुस्तक आधी उघडलं तर डोळ्यांनी पाहिलेल्यात पुस्तकातलं चित्र मिसळतं आणि मग कुठलं आपलं, कुठलं पुस्तकातलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

माझी मागणी मंडळांकडे आणि नोंदी तपासणाऱ्यांकडे आहे. ई-बर्डवर एखाद्या ठिकाणी सहसा न दिसणारा पक्षी नोंदवायला गेलं की तपशील लिहायची जागा समोर येते. त्या जागेत ‘फोटो पाहा’ असे दोन शब्द टाकून सुटका करून घेणाऱ्यांना परत पाठवा आणि काय पाहिलं ते लिहायला लावा. सहलींना नेलेल्या मुलांना नावं पाठ करायला लावण्याआधी एका पक्ष्याचं वर्णन करायला लावा, मग ती चिमणी असली तरी चालेल. गावातला कुणी सांगायला आला की त्याला बसवा, चहा द्या, पूर्ण ऐकून घ्या, त्याचे शब्द त्याच्याच बोलीत लिहून घ्या. आणि ‘फोटो आहे का?’ हे विचारायचंच असेल तर सर्वांत शेवटी विचारा.